चाळीस माद्या, एक नर

२६ फेब्रुवारी

सावळारामभावजीनं आज ठिबकच्या नळ्या कोयत्यानं तोडल्या. बारा ठिकाणी! मी बांधावर उभी. म्हणलं, "भावजी, जरा सरळ तोडा की, जोडायला बरं पडतं." तर कोयताच भिरकावला माझ्याकडं. कानाजवळनं गेला, बाभळीत रुतला.

रागाचं कारण मला ठावं हाय. ह्या माळावर कुसळाबिगर काय उगवत नव्हतं. आमच्या धन्यानं कच्छवरनं खजुराची रोपं आणली तवा हाच भावजी हसून लोळला हुता. चाळीस मादी झाडं, एक नर. धनी गेले, झाडं वाढली, आन् आता त्याला माळ गोड लागाय लागला. सासऱ्यांचा कागद हाय – कस्तुरा दुसरं लग्न करीत न्हाई तवर रान तिनं कसायचं. केलं, की सावळारामाचं.

धा वर्सं वाट बघतोय बिचारा!

२८ फेब्रुवारी

वेलाभाई आला. कच्छचा रबारी. दर साली मेंढरं-उंट घेऊन ही माणसं हिकडनं जातात. मेंढरं माझ्या रानात बसवायची – लेंडीखत मला, कडबा त्यांच्या उंटांना. आन् वेलाभाई झाडावर चढणार. नराचे तुरे कापायचे, मादीचा फुलोरा उकलला की त्यात बांधायचे. तीन-चार दिसात झालं न्हाई तर यंदाचं साल वांझ.

"बेन, इस बार फूल जल्दी खुला."

"पिसाळलंय, माझ्यासारखं!"

त्याला कळलं न्हाई. तरी हसला.

त्याची माणसं मेंढरं घेऊन बारामतीकडं पुढं गेली. तो एक उंटीण ठेवून मागं राहिला, माझ्या झाडांसाठी.

२ मार्च

नळावर सिंधूबाई म्हणती, "कस्तुरे, लई खुशीत दिसतीस गं?"

"मग! माझ्या रानात नर एकच, पण काय गडी हाय! चाळीस जणींना पुरून उरतोय. कच्छचा माल, बाई!"

तिची कळशी भरून वाहाय लागली तरी तोंड उघडंच. मी झाडाचं बोलत हुते. पण सांगितलं न्हाई. पोट दुखस्तवर हसले घरी येऊन.

३ मार्च

एकोणीस झाडं झाली. अजून एकवीस.

४ मार्च

दवाखान्याच्या बाकड्यावर बसून लिहिते.

सकाळी वेलाभाई शिडीवर. सावळाराम आन् त्याचा पोरगा पृथ्वीराज मोटरसायकलवरनं आले. भावजीच्या हातात पाण्याचा लोखंडी पाइप. "कुठाय तो नर?" असं वरडला. मला आधी हसूच आलं! तवर पृथ्वीराजनं शिडी वढली. वेलाभाई खाली. डोक्यात पाइप. एकदा. दोनदा. टरबूज फुटल्यासारखा आवाज झाला. उंटीण बिथरली, तर पृथ्वीराजनं तिच्या पुढच्या पायावर कोयता घातला. बाईमाणूस किंचाळावं तशी वरडली ती.

मी भावजीचा अंगठा चावला. हाडापत्तुर. त्यानं मला झिंज्या धरून आपटलं, तरी सोडला न्हाई. रक्त तोंडात. अळणी! ह्याच्या घरात सगळंच अळणी.

"झाड हाय ते! नर म्हंजी झाड!" मी वरडत हुते. कोण ऐकतंय?

मग ते पळाले. तवर रक्त जाऊन उंटिणीनं मान टाकली हुती. दुधाच्या टेम्पोत घालून वेलाभाईला दौंडला आणलं. वाटेत एकदा म्हणाला, "बेन, ऊंटनी?" मेली म्हणून सांगवलं न्हाई. म्हणलं, "चरतीय."

५ मार्च, सकाळ

हवालदार आला. "बाई, नर कोण?" सगळं सांगितलं. पोट धरून हसला. माझाच विनोद, पयल्यांदा ऐकवंना.

लिहून घेतलं – नर म्हंजी खजुराचं झाड, दुसरा नवरा न्हाई. मी अंगठा उठवणारी बाई न्हाई, सही केली. रान वाचलं माझं.

भावजी अजून मोकळाच. हाताला पट्टी बांधून दवाखान्याच्या फाटकात उभा. म्हणतो, "वहिनी, नर झाड हाय ना? मग त्या रबाऱ्याच्या उशाला कशाला बसलीस?"

मेंढरं घेऊन पुढं गेलेल्या वेलाभाईच्या पोराचा फोन लागंना. सतरा डाव केला.

५ मार्च, दुपार

डॉक्टर म्हणाले डोक्यात रक्त साकळलंय, आत्ताच उघडाय पायजे. "घरचं कोण हाय? सही लागंल." कुणीच न्हाई. नर्सबाईनं कागद पुढं केला. सावळाराम दारात, मोबाईल धरून शूटिंग करतोय.

नातं, असा रकाना हुता.

शाळेत पाटीवर काढायचे तसं ठळक लिहिलं – बायको.