हिरू तांडेलचं दहावं

पनवेल, ८ सप्टेंबर २०१३

तीर्थस्वरूप दयाराममामांस,

दिनानाथचा वाकून नमस्कार. मोरा बंदरावर सगळे खुशाल असतील, मामींचा गुडघा ताळ्यावर आला असेल आणि तुमचा मोबाइल अजून पत्र्याच्या डब्यातच बंद असेल, असं धरून पत्र लिहितोय.

तुमच्या भाच्याने पनवेलचं नाव केलं, मामा. ‘उधाणवाडी’ ही मालिका तुम्ही पाहत नाही (ती लागते तेव्हा तुम्ही घोरत असता). चॅनेललाही ती नकोशीच होती. पण फेसबुकवर आमचं ‘उधाणवाडी भक्तमंडळ’ आहे आणि त्याचा अध्यक्ष मी आहे. मालिकेतला हिरू तांडेल जाळं चुकीचं विणतो हे मी तिथे लिहिलं, आणि पंधरवड्यात गडी नीट विणायला लागला. एकदा तो सहज ‘बघू, दर्या काय म्हणतो’ असं बोलला, ते आम्ही इतकं उचलून धरलं की लेखकाला प्रत्येक भागात घालावं लागलं. मालिका लिहितात मुंबईत, पण चालते पनवेलहून, असं मी म्हणतो (मंडळात अजून कोणी खोडून काढलेलं नाही, काढलं असतं तर मी त्यालाच काढलं असतं).

आणि गेल्या महिन्यात मेल्यांनी आमच्या हिरूला वादळात बुडवला. आई धड जेवेना. मंडळात नुसता आकांत. तेव्हा मी डोकं चालवलं. वडाळे तलावाच्या काठी हिरूचं दहावं घालायचं, पिंडाला कावळा शिवणार नाही, त्याचा व्हिडिओ टाकायचा. म्हणजे हिरूची इच्छा राहिलीय हे जगाला दिसेल आणि चॅनेलला त्याला परत आणावंच लागेल. कावळा शिवेलच कशाला? मुळात मेलेलंच कोणी नव्हतं.

मंडळातल्या रियाने मोबाइल धरला, मी भाषणाला उभा राहिलो. आई झाकलेलं ताट घेऊन आली होती. मला वाटलं, शोभेला आली. तिने ताट पिंडाशी ठेवलं, त्यात भाजलेला सुका बोंबील. हिरूला आवडायचा ना, आणि गेलेल्या माणसाच्या आवडीचं ठेवतात ही रीत. ‘हिरूचा आत्मा अतृप्त आहे’ हे माझं वाक्य पुरं व्हायच्या आत पनवेलचे यच्चयावत कावळे उतरले. पिंड गेला, बोंबील गेला, एकाने माझी टोपीही नेली.

रियाने ते सगळं लगेच फेसबुकवर टाकलं. लोक पोट धरून हसले. ‘कावळा शिवला, विषय संपला’ असं आमचेच सभासद लिहू लागले. मी बाजारात जायचं टाळत होतो. पण मामा, नाक कापलं गेलं तेच कामी आलं. इतक्या लोकांनी ते पाहिलं की चॅनेलमधून मलाच फोन आला. हिरू परत येतोय, कावळ्याच्या रूपात! चित्रीकरण इथेच, तलावाकाठी. अभिमानाने छाती शर्टात मावत नाही. धक्क्यावर सगळ्यांना सांगा.

तुमचा,
दिनानाथ

ता. क. खरं काम राहिलंच. त्या भागात चॅनेलला आई हवीय. हिरूच्या कावळ्याला तिने हाताने बोंबील भरवायचा. मी हो म्हणून बसलोय आणि ती नाही म्हणते, कारणही सांगत नाही. धाकट्या भावाचा शब्द ती मोडत नाही. येऊन तिला पटवा.

ता. क. २. पाकीट चिकटवण्याआधी आईला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, आता मी सांगते तसं लिही: “दयाराम, तू येव नको. दिनाच्या बापाला कावला शिवला नव्हता, दर्भाचा करावा लागला, तुला ठाव हाय. तवा ताटान बोंबील ठेवाचा रायला होता. आता शिवला. त्याला परत नाय बोलवाचा.”

मामा, बाबांच्या दहाव्याला मी तिथेच होतो, आणि बोंबलाचं मला ठाऊक नव्हतं. अध्यक्ष या नात्याने चॅनेलला आत्ताच कळवलंय की हिरू तांडेल गेला, त्याला जाऊ द्या. (ऐकतील. माझं ऐकतात.) तुम्ही मात्र या. पितृपक्षात बाबांचं ताट वाढायचंय, चांगले सुके बोंबील घेऊन या.