तळ्यावरची जाळी

प्रिय अभिजित,

लग्नाच्या दिवशी नवरदेवाला जुन्या मैत्रिणीनं पत्र लिहू नये, हे मला कळतं. पण तुझ्या बाबतीत कळूनही वळत नाही, ही माझी जुनी खोड. बनी पार्कच्या गेस्टहाउसमध्ये वऱ्हाड उतरलंय म्हणे. आंघोळीला पाणी भरपूर आहे ना? इथे चौमूच्या शेतावर मी मजेत आहे. पॉलीहाउसमधली काकडी संपली, लिंबं छान धरलीत.

ही जमीन आपण दोघांनी मिळून घेतली तेव्हा विहीर कोरडी होती आणि बोअरमधून नुसती धूळ यायची. म्हणून पॉलीहाउसच्या छतावरचं पावसाचं पाणी तळ्यात साठवायचं ठरलं. तळ्यात प्लास्टिक अंथरताना माझे गुडघे सोलवटले, तू सावलीत उभा राहून फोटो काढलेस. तेव्हाच म्हणालास, तळं काठोकाठ भरलं की लग्न. माझ्या आईलाही तेच सांगितलंस. दोन पावसाळे ते निम्म्यावरच राहिलं. मी ठिबकनं थेंब थेंब पुरवला, उन्हानं पाणी उडू नये म्हणून वर हिरवी जाळी ताणली. गेल्या भाद्रपदात तळं भरलं. आनंदानं तुला फोन केला, तर तू तनयाबद्दल सांगितलंस. मुहूर्त साधावा तो तूच!

मग फाल्गुनात तुझा निरोप आला. लग्न याच तळ्याकाठी करायचंय, तनयाला पाण्यात दिवे सोडायचेत, ती जाळी भिकार दिसते, काढून टाक. अर्धी जमीन तुझी, म्हणून काढली. शेजारच्या देवरामजींना वाटलं, मला वेड लागलं. उन्हाळ्यातली लू, ती भाजणारी झळ, सुटली आणि तळं रोज उतरत गेलं. उरलंसुरलं मी लिंबांना दिलं, मग देवरामजींच्या आवळ्यांना. तू फोनवर विचारायचास, तळं कसं दिसतंय? मी म्हणायचे, जाळीशिवाय अगदी मोकळं दिसतंय. एक अक्षर खोटं बोलले नाही. वाईट वाटलं का? फार वाटलं, पाण्याचं.

मांडववाले सकाळपासून राबतायत. त्यांनी पाण्याचं विचारलं तेव्हा म्हटलं, ते नवरदेव बघतील.

तू घोडीवरून उतरलास की देवरामजी हे पत्र तुझ्या हातात देतील. वाचून झालं की तनयाला काठावर घेऊन जा. खाली नुसतं काळं प्लास्टिक आहे. तळं भरलं की लग्न, हा शब्द तुझाच होता आणि तळं आज कोरडं ठणठणीत आहे. मी पावसाची वाट बघितली, आता तिलाही बघू दे.

तुझीच,
कौमुदी