पोकुआची भाजी आणि बोनवीरेचा माग

मी, याव डोंकोर, राहणार बोनवीरे, धंदा केंते कापड विणणे, देहाने थकलेला पण डोक्याने शाबूत असून, कोणाच्या धाकाने वा भिडेने नव्हे तर राजीखुशीने हे लिहून ठेवतो. 'शाबूत' हा शब्द माझा भाचा बेदियाको याने नीट वाचावा. मामाचं डोकं ठिकाणावर नाही, असं तो गावभर सांगत फिरतो. ते खरं ठरलं तर हा कागद रद्दीत जाईल आणि माग, आमच्यात वारसा बहिणीच्या मुलाकडे जातो त्या रीतीप्रमाणे, भाच्याच्या घरी.

एक. माग, धोटे, फण्या आणि मला अजून आठवतात ते सगळे नमुने माझी मुलगी अदवोआ हिला. बाईने मागावर बसू नये म्हणतात. म्हणोत बापडे. तिचा हात माझा आहे. बेदियाको त्या मागावर कोंबड्या बसवील.

दोन. मागच्या दोन खोल्या बहीण पोकुआ हिला तहहयात. माझ्या छातीचे ठोके चुकतात. रक्ताच्या बारीक गुठळ्या होऊन मेंदूत जातील, आठवण कुरतडतील, म्हणून डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवायची गोळी दिली आणि हिरवा पाला बेताने खा असे बजावले. पोकुआने अर्धेच ऐकले. आमच्याकडे रक्त भरायला कोंतोमिरे, म्हणजे अळूचा पाला, खाऊ घालतात. "दादा, रक्तच पातळ झालं तर तू उभा कशावर राहशील?" असे म्हणून ती रोज हंडी भरून आणू लागली. मीही मिटक्या मारत खाल्ले. पाल्यापुढे गोळीचे काही चालले नाही. आधी एक नमुना अर्ध्यात विसरलो, मग तिच्याच घराची वाट. तिने मायेने केले, तिला कोणी बोल लावू नये. पण मला भीती वाटते, फार वाटते.

तीन. माझी बायको आफुआ हिला पुरले तेव्हा तिच्यासाठी विणत होतो ते निळे केंते अपुरे राहिले. ते माझ्या शवपेटीत, माझ्या छातीवर ठेवावे.

चार. बेदियाकोला माझी छत्री. ती त्याने नेलेलीच आहे, परत मागू नये.

हे मी स्वतः लिहिले, वाचले, मला पटले. साक्षीला शेजारचे ओफोरी मास्तर बसले आहेत. दुसरी साक्ष माझी बायको आफुआ करील. ती माझी गोळी आणायला आत गेली आहे, येईलच. मास्तर उगाच डोळे पुसतात.

बोनवीरे, ९ ऑगस्ट २०१८

याव डोंकोर (सही)

साक्षीदार : ओफोरी मास्तर (सही)

साक्षीदार : आफुआ (सही यायची आहे)