फ्रेंच टेबल आणि दहाव्याचा कावळा

औरंगाबाद,
ता. ४ ऑगस्ट १९५६

ती. अक्कास द्वारकेचा नमस्कार.

हे जाऊन आज अठरा दिवस झाले, म्हणून पत्रावर श्री घातला नाही. तुझा मोडलेला पाय आता टेकवता येतो का? भाऊजींचा दमा कसा आहे? मी बरी आहे. जेवते.

तुला दहाव्याला येता आलं नाही, तेव्हा तिथं काय झालं ते मीच लिहिते. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा बरं. आमचं फ्रेंच टेबल तू पाहिलं आहेस. पोलीस ॲक्शननंतर एक नवाबी घराणं सामान विकून हैदराबादला गेलं, तेव्हा यांनी ते गुलमंडीच्या करीम सुताराकडून आणलं. (मी शिवणाचं मशीन मागितलं होतं.) नाजूक, वाकडे पाय आणि पायांत पितळी वाळे घातल्यासारखे. इतक्या वर्षांत माझे गुडघे दुखतात का, असं यांनी कधी विचारलं नाही. पण तिचा (मनातल्या मनात मी तिला बाईच म्हणते) एक पाय पावसाळ्यात कुरकुरला, तर लगेच करीमला बोलावणं गेलं. दर रविवारी जवसाचं तेल, मऊ धोतराचा तुकडा आणि हे पाटावर बसून तासभर. एकदा मी तिच्यावर चहाचा गरम कप ठेवला. पांढरं वर्तुळ उठलं आणि हे तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. डाग काढायला आलेल्या करीमनं मला हळूच सांगितलं, की आत साधं लाकूडच आहे, वरचा अक्रोडाचा पापुद्रा तेवढा, तोही कागदाएवढा पातळ. त्या दिवशी मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

तर दहाव्याला खाम नदीवर पिंड ठेवला. कावळा बाभळीवर येऊन बसला, पण शिवेना. धाकटे दीर बद्रीनाथ हात जोडून म्हणाले, वहिनींना अंतर देणार नाही. कावळ्यानं मान फिरवली. पोरीचं लग्न थाटात करू म्हणाले, शेत विकणार नाही म्हणाले. ऊन डोक्यावरून कललं, गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले. शेवटी लांब उभा असलेला करीम पुढं आला आणि म्हणाला, "साब, बेफिकर रहो. टेबल पे गरम कप कोई नहीं रखेगा."

कावळा खाली उतरला.

बद्रीनाथांनी घरी येऊन हे मला हसत हसत सांगितलं. मीही हसले. मग मोरीत जाऊन तोंड धुतलं. एकवीस वर्षांचा संसार, अक्का. माझ्या नावाला तो जागचा हलला नाही.

म्हणून सांगते, बैलगाडी पाठव आणि ते टेबल बिडकीनला घेऊन जा. तू त्यावर गरम काही ठेवलं नाहीस, की करीमचा शब्दही मोडणार नाही.

तुझी
द्वारका

ता. क. काल बद्रीनाथांची बायको आली होती. तिनं न विचारता पदरानं टेबल पुसलं. मी म्हटलं, असं नाही, लाकडाच्या रेघा जातात तसं पुसायचं. तिला जमेना, मग मलाच करून दाखवावं लागलं. तासभर गेला.

आणखी ता. क. गाडी पाठवू नकोस. इकडं कुणी येणार असेल तर तुमच्या घाण्याचं जवसाचं तेल पाव शेर दे. हे दर महिन्याला बिडकीनला यायचे ते तुझ्या हातच्या धपाट्यांसाठी, असं तू सगळ्यांना सांगतेस. ते तेलासाठी यायचे.