नानांची बरणी

रविवार, सायंकाळ. शिरपूर.

माझे वडील नाना आज एरंडोलहून एकटेच गाडी चालवत आले. शेजारच्या सीटवर लोणच्याची रिकामी बरणी, तिला चक्क बेल्ट लावलेला!

"पेट्रोल वाचवायचं हायड्रोजन किट. तयार घेऊ की घरीच बनवू?"

विचारतात काय, ठरवूनच आले होते. बरणीतल्या पाण्यात गाडीची वीज सोडायची, निघालेला हायड्रोजन नळीने इंजिनात. झाकणाला केळीच्या शेतातली ठिबकची नळी जोडलेली, तीही छिद्रांसकट. पाणी भरून बरणी आडवी केली, तर नळी सगळीकडून गळायला लागली. ज्या नळीचं कामच गळणं, ती गॅस कसा धरणार?

मी शाळेत विज्ञान शिकवते. गाडीचीच वीज खर्चून गाडीचंच पेट्रोल वाचत नाही, किट विकतचं असो की घरचं. हे सांगणारच होते. पण आधी विचारलं, नाना, एवढी हौस कशासाठी?

"पेट्रोल वाचनं तं दर रईवारले तुनाकडे येसू."

दर रविवारी माझ्याकडे यायचं म्हणून! मग बापाला विज्ञान सांगवेना. चुकलं का माझं?

"घरीच बनवू," म्हटलं. "पण बरणी इथेच राहील. दर रविवारी येऊन काम करायचं. मी सांगेपर्यंत गाडीला जोडायची नाही."

नाना खुशीत गेले. बरणी ओट्यावर आडवीच आहे, नळी अजून ठिबकतेय. जितके रविवार गळेल तितकं बरं.