चौदावा धडा

दि. ३ फेब्रुवारी

चि. खारूताईस मामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आमच्याच लाँड्रीच्या तिकडच्या शाखेत तुला नोकरी लागल्याचं ताईने कळवलं. आनंद झाला. फोनवर तू नुसतं हं हं करतेस, म्हणून हे पत्र. अर्ध्यावर टाकू नकोस.

नव्या माणसाला मशीनला हात लावण्याआधी कॉम्प्युटरवर वीस धडे ऐकावे लागतात, ते तुझ्या मामाच्या आवाजात आहेत. त्यातला चौदावा चुकलाय. इस्त्रीच्या रोलरमध्ये चादर अडकली, तर आधी लाल बटण दाबून मशीन बंद करायचं आणि मग कापड ओढायचं. मी म्हणून बसलोय, ‘आधी कापड, मग बटण’. त्या दिवशी सर्दी होती, अकरा वेळा रेकॉर्डिंग केलं. शेवटी आवाज कसा आला तेवढंच ऐकलं, काय बोललो ते ऐकलंच नाही. वर त्याला चाल लावली, लोकांच्या लक्षात राहावं म्हणून.

धडे बनवायचं जुनं सॉफ्टवेअर बंद पडलंय. धडे चालू आहेत, पण त्यांत काही बदलता येत नाही. नवं सॉफ्टवेअर महिन्याभरात येतंय. दुरुस्त केलेला मजकूर मी खिशात घेऊन हिंडतो. तोवर तू धड्यांवरच्या परीक्षेत माझं चुकीचं उत्तर दे, नाहीतर नापास होशील. मशीनवर मात्र बरोबर वाग. भाचीला असा सल्ला द्यावा लागतोय याची लाज वाटते.

लोभ असावा, बोटं सांभाळावीत.

तुझा,
मामा

दि. १९ फेब्रुवारी

ती. मामास खारूचा शि. सा. नमस्कार.

तुझं ऐकलं नाही. परीक्षेत बरोबर उत्तर दिलं आणि दोनदा नापास झाले. दोन्ही वेळा ‘धडा पुन्हा ऐका’ असं आलं, म्हणजे पुन्हा तूच. किती साजूक बोलतोस रे त्यात! घरी तर मामीला हाक मारताना भिंती हलतात. तिसऱ्यांदा मुकाट्याने तुझं उत्तर दिलं आणि पास झाले.

माझ्या शेजारच्या मशीनवरच्या बाईंना सगळ्या रेडिओ म्हणतात, कारण त्या दिवसभर गातात. तुझं वाक्य त्यांना फार आवडलंय. चादरी सरकवताना तेच गुणगुणत असतात. मी त्यांना सांगितलं की हे उलटं आहे. त्या हसल्या आणि म्हणाल्या, सरांपेक्षा तुला जास्त कळतं का. ते सर माझे मामा आहेत हे ओठांवर आलं होतं, पण गिळलं. वशिल्याने आली म्हणाले असते. मग ‘आधी लाल बटण’ असं ठळक लिहून दोन्ही मशीनवर कागद चिकटवले.

सॉफ्टवेअर आलं का? मामीला नमस्कार. रागावलास तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी,
खारू

दि. २७ मार्च

चि. खारूस आशीर्वाद.

सॉफ्टवेअर आलं नाही. त्याचं शिक्षण मात्र आम्हाला दोनदा मिळालं, फळ्यावर चित्रं काढून. इथे दाबलं की असं होईल, तिथे दाबलं की तसं. मी चौदाव्या धड्याचं विचारलं तर सगळे समजुतीने हसले. घरचं गाऱ्हाणं बाहेर काढल्यासारखं वाटलं.

साहेबांना तीनदा भेटलो. चौदावा धडा तेवढा बंद करा म्हटलं. ते म्हणाले, एक बंद केला की वीसही बंद होतात, धडे बंद म्हणजे सर्टिफिकेट बंद, आणि सर्टिफिकेटाशिवाय नवं माणूस मशीनवर घेता येत नाही. मग शाखांना पत्रक काढतो म्हटलं. पत्रकंही आता नव्या सॉफ्टवेअरमधूनच जाणार आहेत म्हणे. शेवटी मी स्वतःच शाखांना फोन लावत सुटलो. दोघांनी लिहून घेतलं. एकाने विचारलं, मग धड्यात तुमच्याच आवाजात उलटं का आहे. काय सांगणार, कपाळ?

तुझे कागद टिकवून ठेव. सध्या त्यांच्यावरच भिस्त आहे.

लोभ आहेच, आणि काळजीही.

मामा

दि. १४ एप्रिल

ती. मामास नमस्कार.

हे तुला कसं लिहू ते कळत नाही, म्हणून सरळ लिहिते. सोमवारी तपासणीवाले आले. धड्यात आहे त्याहून वेगळी सूचना भिंतीवर किंवा मशीनवर चालत नाही, असं म्हणून त्यांनी माझे दोन्ही कागद काढले. बुधवारी रेडिओताईंची चादर अडकली. त्या तुझ्या चालीवर म्हणतच होत्या, ‘आधी कापड’. मी धावत जाऊन बटण दाबलं, पण उशीर झाला होता. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

अपघाताच्या फॉर्मवर प्रश्न होता, की काम शिकवल्याप्रमाणे केलं होतं का. ‘हो’ लिहावं लागलं. ‘हो’ असलं की चौकशी तिथेच संपते.

दवाखान्यात त्या मला म्हणाल्या, मी सरांनी सांगितलं तसंच केलं गं. एवढंच परत परत म्हणत होत्या. सर माझे मामा आहेत हे त्या दिवशी सांगितलं असतं, तर त्यांनी माझं ऐकलं असतं. अजूनही सांगितलेलं नाही. तुझ्यावर रागावावंसं वाटतं, पण तुझा हात कुठे पोचत होता?

खारू

दि. ६ मे

चि. खारूस आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यावर आठ दिवस ते पुन्हा उघडता आलं नाही. उत्तराला उशीर झाला तो त्यामुळे.

नवं सॉफ्टवेअर परवा आलं. जुने वीसही धडे त्यात जसेच्या तसे उतरले, चौदावासुद्धा. मी आधी तोच उघडला. खिशातला कागद घड्यांवर फाटला होता, पण वाचता आला. नवं वाक्य बोललो, या वेळी चाल न लावता. परीक्षेतलं उत्तर बदललं. सगळं मिळून चार मिनिटं लागली. साहेब म्हणाले, बघा, किती सोपं आहे. मी मान डोलावली. दुसरं काय करणार होतो?

रविवारी तुझ्याकडे येतोय. रेडिओताईंना भेटायचं आहे. त्यांना काय बोलायचं ते ठरत नाही, आणि ठरलं तरी उपयोग नाही. मी तोंड उघडलं की पहिल्या शब्दाला त्या आवाज ओळखतील. ते त्यांच्यावर एकदम येऊ नये. तेव्हा मी पोचायच्या आधी तू त्यांना सांगून ठेव, की धड्यातला तो आवाज तुझ्या मामाचा आहे.

लोभ असावा असं या वेळी म्हणवत नाही.

मामा