मागून ढकलणारं इंजिन

मुंबई, माघ वद्य पंचमी

चिरंजीव कोंडाजीस थोरल्या भावाचा आशीर्वाद.

मी खुशाल आहे. तुझा गुडघा कसा आहे?

प्रदर्शनातल्या गंमतगाडीच्या लाकडी रुळांचे चढउतार मीच ठरवले. तिला इंजिन नसतं, पहिल्या उताराच्या वेगावरच ती पुढचा चढ चढते. दुसरा चढ पहिल्याहून उंच ठेवला, आपल्या घाटासारखा. काल माणसं बसवली, तर गाडी त्या चढावर थांबली आणि मागं घसरली. कुणाला लागलं नाही.

इथं कामाला असलेला मळवलीचा सोपान सुतार सगळ्यांदेखत मला म्हणाला, "आबा, घाटात मागून इंजिन ढकलतं. हितं कोन ढकलनार, तुमी?"

तीस वर्षं घाटात रूळ सांभाळले, आणि एवढं सुचलं नाही. मान वर करवत नाही.

माझं काम बघायला गावकऱ्यांना आणू नकोस. शिमग्याला सोपान तिकडं आला की सांगेलच. तुला आधी माझ्याकडून कळावं, म्हणून लिहिलं.

मुलांना जप.

तुझा
हौशीराम